घरच्या पडद्यावरील रणगाडे

अहिल्यानगर शहराचा, म्हणजे २०२४ सालापर्यंत अधिकृतपणें ज्याला अहमदनगर म्हणत त्या शहराचा, रणगाड्यांशीं असलेला संबंध पाऊणशें वर्षांहून जुना आहे. १९४८ सालीं तेथें भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचें केंद्र व शाळा हीं एकत्र नांदूं लागलीं. सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी मोठी सरकारी संस्थाहि त्याच शहरांत आहे. आणि १९९४ सालीं तेथें रणगाड्यांचें एक स्वतंत्र संग्रहालय उघडण्यांत आलें. ब्रिटिशांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानचा हा-गो, अमेरिकेचा पॅटन, आणि चेन्नईजवळ आवडी येथें तयार झालेला आपला विजयंत असे नाना देशांचे रणगाडे या एकाच संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पोलादाचा तो अवजड संसार पाहून परत फिरणाऱ्या माणसाच्या मनांत युद्धाविषयीं कांहीं गंभीर विचार आल्यावांचून राहत नाहीं.

परंतु ज्यांचें बालपण १९९० नंतरच्या दहा वर्षांत गेलें, अशा महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलांस रणगाड्याची पहिली ओळख या संग्रहालयांत झाली नाहीं. ती झाली घरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. आणि तो रणगाडा अंगठ्याच्या नखाहून फारसा मोठा नव्हता. काडीपेटीएवढ्या चौकोनी बटणांची फळी हातांत धरून, सुटीच्या दुपारीं दोन भावंडें जो ‘टँकचा गेम’ खेळत, त्याचें खरें नांव बॅटल सिटी. नाणें टाकून खेळण्याच्या यंत्रांतून निघून हा खेळ घरगुती यंत्रावर कसा आला, वाटेंत त्यानें काय टाकलें व काय मिळविलें, आणि अहिल्यानगरच्या मैदानांतील खऱ्या रणगाड्यांशीं त्याचें नातें कितपत खरें आहे, याचा विचार करण्याजोगा आहे.

नाणें टाकून खेळण्याच्या यंत्रांची मोठी लाट जपानांत १९७८ सालीं उसळली. त्या वर्षीं तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनीं स्पेस इन्व्हेडर्स हा खेळ तयार केला. पडद्याच्या वरच्या भागांतून परग्रहावरील प्राण्यांच्या पांच रांगा, प्रत्येक रांगेंत अकरा, अशा पंचावन्न शत्रूंची फौज हळूहळू खालीं उतरते, आणि तळाशीं असलेल्या एकुलत्या एका तोफेनें तिला थोपवावयाचें, एवढीच त्याची कथा. पण त्यांत एक मौजेची गोष्ट घडली. त्या यंत्राच्या मेंदूला एका वेळीं इतक्या आकृत्या सरकविणें जड जात असे. शत्रू मरूं लागले कीं काम हलकें होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगानें धावूं लागत. यंत्राच्या दुबळेपणांतून आपोआप निर्माण झालेली ही वाढती घाईच त्या खेळाचा प्राण ठरली. खेळ आणि यंत्र यांची गांठ किती घट्ट असते, हें या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें. आणि म्हणूनच एका यंत्रावरील खेळ उचलून दुसऱ्या यंत्रावर बसविणें, ज्याला त्या धंद्यांतले लोक ‘पोर्ट करणें’ म्हणतात, हें काम वाटतें तितकें सोपें नसतें.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद नवा नाहीं. गोविंद बल्लाळ देवल यांनीं शेक्सपिअरचा ऑथेल्लो मराठींत आणला, तेव्हां तो झुंझारराव होऊनच आला. नुसते शब्द बदलून भागलें नसतें. खेळांच्या बाबतींतहि असे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग मूळ खेळ शक्य तेवढा जसाच्या तसा ठेवून जेथें नवें यंत्र अपुरें पडेल तेथें कात्री लावण्याचा. १९८० सालीं स्पेस इन्व्हेडर्स अमेरिकेंतील अटारी कंपनीच्या घरगुती यंत्रावर आला, तो या मार्गानें. त्या यंत्राची कामचलाऊ स्मरणशक्ति अवघी १२८ बाइट, म्हणजे स्थूलमानानें १२८ इंग्रजी अक्षरें मावतील एवढी होती. तेव्हां पंचावन्न शत्रूंचे छत्तीस झाले आणि चार आडोशांचे तीन राहिले. तरीहि लोकांनीं तो खेळ डोक्यावर घेतला, आणि केवळ त्याच्यासाठीं तें यंत्र विकत घेणारीं कुटुंबें पुष्कळ निघालीं. मूळ खेळांतील भीति, म्हणजे वरून अखंड उतरत येणारी रांग, या काटछाटींतहि शाबूत राहिली होती, हेंच त्याचें कारण. दुसरा मार्ग रूपांतराचा. नवें यंत्र कोठें कमी पडतें एवढेंच न पाहतां, तें कोणाच्या घरांत, कोणत्या वेळीं आणि कशासाठीं लावलें जाणार, हें पाहून खेळाची घडण बदलावयाची. टँकचा गेम या दुसऱ्या मार्गानें आला.

त्याचा पूर्वज टँक बटॅलियन. जपानमधील नामको कंपनीनें १९८० सालीं तो नाणें टाकून खेळण्याच्या यंत्रांत आणला. त्यांत मैदान वरून पाहिल्यासारखें दिसतें. विटांच्या भिंतींचा एक चक्रव्यूह. तळाशीं मध्यभागीं गरुडाचें चिन्ह, म्हणजे आपलें ठाणें. त्याच्या रक्षणासाठीं खेळणाराचा एक रणगाडा. आणि पडद्याच्या वरच्या कडेनें एकामागून एक येणारे शत्रूचे वीस रणगाडे. विटा गोळ्यांनीं फुटतात, म्हणून आपण मारलेला प्रत्येक गोळा शत्रूला जसा घातक, तसा आपल्याच आडोशाला भोंक पाडणाराहि ठरूं शकतो. वीसहि शत्रू संपले कीं पुढील डाव. गरुडास गोळा लागला कीं खेळ समाप्त. नियम इतके थोडे, कीं ते समजावून सांगण्यास अर्धें मिनिट पुरे.

नियम थोडे ठेवण्यामागें व्यवहार होता. नाण्याचें यंत्र ज्या दुकानांत असे त्या दुकानदाराचें उत्पन्न एका तासांत किती नाणीं पडलीं यावर अवलंबून असे. खेळणाराला पहिल्या मिनिटांत गोडी लागली पाहिजे, आणि कांहीं मिनिटांत तो हरलाहि पाहिजे, म्हणजे मागें उभा असलेला दुसरा गिऱ्हाईक पुढें येईल. फार लवकर हरला तर तो चिडून निघून जाईल. फार वेळ टिकला तर दुकानदार बुडेल. या दोहोंमधील अरुंद पट्टींत तोल सांभाळणें हीच त्या यंत्रांच्या रचनाकारांची कसोटी होती. पराभव हा त्या धंद्याचा पायाच होता असें म्हटलें तरी चालेल.

घरच्या यंत्राचा हिशेब अगदीं निराळा. निन्टेंडो कंपनीनें जुलै १९८३ मध्यें जपानांत फॅमिकॉम नांवाचें घरगुती यंत्र विक्रीस काढलें. त्याची किंमत १४,८०० येन होती. खेळाची कॅसेट एकदां विकत घेतली कीं पुढें एकहि नाणें टाकावें लागत नसे. तेव्हां तेथें खेळ लवकर संपून उपयोगी नव्हता. दिलेल्या पैशाचें चीज व्हावयाचें तर तो महिनोन् महिने पुरला पाहिजे, आणि घरांतील एकापेक्षां अधिक माणसांस पुरला पाहिजे. सप्टेंबर १९८५ मध्यें नामकोनें आपला जुना रणगाड्यांचा खेळ या यंत्रावर आणला तेव्हां त्याला बॅटल सिटी हें नवें नांव दिलें. नांव बदललें, कारण खेळहि बदलला होता.

हें नवें रूप किती थोड्या सामग्रींत उभें राहिलें, हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. फॅमिकॉमचा मेंदू ज्या चिपच्या घराण्यांतला होता, त्याच घराण्यांतली चिप जुन्या टँक बटॅलियनच्या यंत्रांतहि होती. कामचलाऊ स्मरणशक्ति दोन किलोबाइट. खेळाची संपूर्ण कॅसेट, म्हणजे त्यांतील नियम, चित्रें, सूर आणि मैदानें हें सर्व मिळून, चोवीस किलोबाइट. आजच्या संगणकांत देवनागरीचें एक अक्षरचिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें चोवीस किलोबाइटांत सुमारें आठ हजार चिन्हें मावतील. म्हणजे प्रस्तुत लेखसुद्धां त्या कॅसेटमध्यें पुरता बसणार नाहीं!

मग पस्तीस वेगवेगळीं मैदानें तींत बसलीं कशीं? त्याचें उत्तर छापखान्याच्या जुन्या पद्धतींत सांपडतें. जुळारी पान रंगवीत नसे. तो ठराविक खिळ्यांच्या पेटींतून एक एक खिळा उचलून पान जुळवी. फॅमिकॉमचा पडदा रुंदींत २५६ आणि उंचींत २४० ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपक्यांचा होता. प्रत्येक ठिपक्याची नोंद ठेवूं म्हटलें तर यंत्राचा जीव गेला असता. त्याऐवजीं आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा लहान चौकोनांचे ‘खिळे’ आधींच कोरून ठेवले. पडद्यावर असे बत्तीस स्तंभ आणि तीस ओळी, म्हणजे ९६० चौकोन. आतां चित्र लक्षांत ठेवावयाचें नाहीं, कोणत्या जागीं कितव्या क्रमांकाचा खिळा एवढेंच लक्षांत ठेवावयाचें. विटेचा एक खिळा, पोलादाचा एक, पाण्याचा एक, झाडीचा एक; त्यांच्या मांडणीनें किल्लाहि होतो आणि नदीहि होते.

रणगाडे व गोळे हलते असल्यामुळें त्यांची व्यवस्था निराळी करावी लागे. अशा हलत्या आकृती ६४ पर्यंत ठेवतां येत. पण पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक आकृती काढणें त्या यंत्रास शक्य नव्हतें. एक रणगाडा सोळा ठिपके रुंद, म्हणजे त्याला आडव्या रेषेवर दोन आकृती लागत. चार रणगाडे एका ओळींत आले कीं आठांचा कोटा संपला. पांचवा आला कीं कोणाचा तरी भाग दिसेनासा होई. तो एकाच रणगाड्याचा कायमचा नाहींसा होऊं नये म्हणून आळीपाळीनें निरनिराळे वगळले जात, आणि खेळणाराला रणगाडे लुकलुकत आहेत असें वाटे. पुष्कळ घरांत या लुकलुकण्याचा दोष बिचाऱ्या टीव्हीला किंवा वायरीला दिला गेला असेल. वस्तुतः तो ना टीव्हीचा होता ना वायरीचा.

आतां रूपांतरांत काय वाढलें तें पाहावें. जुन्या खेळांत केवळ विटा होत्या. नव्या खेळांत विटांबरोबर पोलादाच्या भिंती आल्या, ज्या साध्या गोळ्यानें फुटत नाहींत. पाणी आलें, ज्यावरून गोळा जातो पण रणगाडा जात नाहीं. झाडी आली, जिच्याखालीं शिरलेला रणगाडा दिसेनासा होतो. आणि बर्फ आला, ज्यावर थांबूं म्हटलें तरी रणगाडा घसरत पुढें जातो. मधूनमधून बक्षिसें प्रगट होऊं लागलीं. फावडें घेतलें तर गरुडाभोंवतीं कांहीं वेळ पोलादी तट उभा राहतो, घड्याळ घेतलें तर सर्व शत्रू जागच्या जागीं खिळतात. शिवाय खेळणाराला आपलें स्वतःचें मैदान रचण्याचीहि सोय करून देण्यांत आली. दुकानांत नाणें टाकून उभा असलेला मनुष्य भिंती रचीत बसणार नाहीं. घरांत पावसाळी दुपार काढणारा मुलगा मात्र तेंच आधीं करील.

पण सर्वांत मोठा बदल दोन खेळाडूंचा. जुन्या यंत्रावर एकटा रणगाडा लढे. फॅमिकॉमला मुळांतच दोन बटणफळ्या जोडलेल्या येत, कारण घरांत मूल बहुधा एकटें नसतें. बॅटल सिटीनें या सोयीचा उपयोग दोघांना एकमेकांविरुद्ध लढविण्यासाठीं केला नाहीं. दोघांना एकाच गरुडाचे रक्षक नेमलें. एकानें पुढें जावें, दुसऱ्यानें ठाण्यापाशीं थांबावें; डावी बाजू तुझी, उजवी माझी; असे करार पडद्यासमोर बसलेल्या भावंडांत होऊं लागले. आणि येथें रचनाकारांनीं एक बारीकसा नियम घातला. एका रक्षकाचा गोळा चुकून दुसऱ्याला लागला, तर तो मरत नाहीं. पण कांहीं क्षण जागच्या जागीं निश्चल होऊन पडतो, आणि तेवढ्यांत शत्रूनें त्याला गांठलें तर त्याचें कांहीं चालत नाहीं. तसेंच आपल्या हातून आपल्याच गरुडाला गोळा लागला, तरी खेळ संपतो. गोळा कोणी मारला याची चौकशी होत नाहीं. या नियमाचें महत्त्व पुढें येईल.

विशेष हें, कीं हा घरगुती अवतार झाल्यावर त्याच वर्षीं निन्टेंडोच्या नाण्याच्या यंत्रांसाठीं त्याची आवृत्ति निघाली. म्हणजे घरीं येऊन सुधारलेला खेळ पुन्हा दुकानांत गेला.

महाराष्ट्रांत मात्र हा खेळ राजमार्गानें आला नाहीं. फॅमिकॉमवरील बॅटल सिटीची विक्री त्या काळीं जपानपुरतीच राहिली. भारतीय घरांत आलीं तीं या यंत्राच्या नकलेचीं, निरनिराळ्या नांवांनीं विकलीं जाणारीं स्वस्त यंत्रें. आणि त्यांच्याबरोबर एकाच कॅसेटमध्यें शेंकडो, क्वचित् हजारों खेळ असल्याची जाहिरात करणाऱ्या कॅसेटी. त्या हजारांतले बहुतेक तेच तेच खेळ पुन्हा पुन्हा नांवें बदलून घातलेले असत, हें मुलांस चार दिवसांत समजे. पण त्यांत रणगाड्यांचा खेळ मात्र बहुधा असेच. या कॅसेटींपैकीं पुष्कळांना मूळ कंपनीचा परवाना नव्हता, आणि ज्यांनीं तो खेळ घडविला त्यांना या विक्रींतून कांहीं मिळालें नाहीं, ही गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. कांहीं कॅसेटींत तर मूळ खेळांत परस्पर फेरफार करून ‘टँक १९९०’ या नांवानें तो घातलेला असे. तेव्हां दुकानांतून घरांत, घरांतून नकलेंत, आणि नकलेंतून पुन्हा फेरफारांत, अशीं अनेक स्थित्यंतरें झाल्यावर तो आपल्याकडील मुलांच्या हातीं पडला. तरीहि तो ओळखूं येत होता, कारण त्याचा गाभा, म्हणजे गरुड, विटा आणि वीस शत्रू, कोणीहि बदलला नव्हता.

आतां अहिल्यानगरच्या रणगाड्यांचें माप या खेळास लावून पाहावें. पहिली विसंगति ताबडतोब डोळ्यांत भरते. खेळांतला रणगाडा ज्या दिशेस तोंड करील त्याच दिशेस गोळा मारतो. खऱ्या रणगाड्याचें सामर्थ्य नेमकें याच्या उलट आहे. त्याचा तोफेचा बुरूज स्वतंत्रपणें फिरतो, म्हणून गाडी एकीकडे जात असतां मारा दुसरीकडे करतां येतो. दुसरी विसंगति दृष्टीची. खेळणाराला सबंध मैदान आकाशांतून पाहिल्याप्रमाणें दिसतें. बंद रणगाड्यांतील माणसाला कांचेच्या अरुंद झरोक्यांतून जगाची एक पट्टी तेवढी दिसते. आणि तिसरी विसंगति एकटेपणाची. सेंच्युरियन रणगाड्यांत चार माणसें असत: नायक, तोफ रोखणारा, गोळा भरणारा आणि चालक. खेळांत हीं चारहि कामें एका अंगठ्याकडे सोंपविलीं आहेत. चौघांनीं एकमेकांचें ऐकून एक मन होणें, हें रणगाडा-शिक्षणाचें फार मोठें अंग. खेळांत त्याची गरजच उरत नाहीं.

असें असूनहि हा खेळ सर्वस्वी खोटा नाहीं. रूपांतर करतांना त्यांत जें पाणी आणि जी झाडी घातली गेली, त्यांचें महत्त्व भारतीय रणगाड्यांच्या इतिहासांत ठळकपणें नमूद आहे. सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांतील खेमकरणजवळ असल उत्तर येथें पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची मोठी चढाई झाली. पॅटन हा त्या काळचा नामांकित रणगाडा. भारतीय सैन्यानें पाणी सोडून शेतें चिखलमय केलीं, आणि उभ्या उंसांत आपले रणगाडे व तोफा दडवून ठेवल्या. पॅटन चिखलांत रुतले; जे पुढें आले ते उंसाआडून झालेल्या माऱ्यास बळी पडले. जीपवर बसविलेल्या तोफेनें रणगाड्यांशीं सामना देणारे अब्दुल हमीद याच लढाईंत पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें. नकाशावर पाणी आणि झाडी कोठें आहे, हें बळ मोजण्याइतकेंच महत्त्वाचें असतें, हा त्या लढाईचा धडा. आणि आठ ठिपक्यांच्या चौकोनांतून कां होईना, पण त्याची पुसट छाया या खेळांत उमटली आहे.

खेळ आणि युद्धशिक्षण यांची सीमा किती पातळ असते, याचें एक उदाहरण त्याच काळांत अमेरिकेंत घडलें. टँक बटॅलियन ज्या वर्षीं निघाला, त्याच १९८० सालीं अटारी कंपनीनें बॅटलझोन हा खेळ काढला. त्यांत मैदान वरून दिसत नाहीं. खेळणारा जणूं रणगाड्याच्या आंत बसून झरोक्यांतून पाहतो, आणि हिरव्या प्रकाशरेषांनीं काढलेले डोंगर व शत्रू त्याला समोर दिसतात. हें रूप पाहून अमेरिकन सैन्याच्या लोकांना वाटलें, कीं आपल्या ब्रॅडली नांवाच्या चिलखती गाडीवरील तोफ रोखण्याचें शिक्षण अशा यंत्रावर देतां येईल. खेळाचे कर्ते एड रॉटबर्ग यांना ही कल्पना मुळींच रुचली नाहीं. करमणुकीसाठीं केलेली वस्तु सैन्याच्या कामीं जुंपली जावी, हें त्यांना मान्य नव्हतें. पुन्हा असें काम आपणांस सांगूं नये अशा अटीवर त्यांनीं अखेर तें यंत्र पुरें केलें. त्याचे अगदीं मोजके नमुने तयार झाले.

त्या शिक्षणयंत्रांत जे फेरफार करावे लागले ते बोलके आहेत. गोळा सरळ रेषेंत जाईना. अंतराप्रमाणें तो खालीं झुकूं लागला. गाडी चालविणें काढून टाकलें, कारण तोफ रोखणारा गाडी चालवीत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे समोर दिसणारी प्रत्येक गाडी शत्रूचीच असेल असें राहिलें नाहीं. कांहीं गाड्या आपल्या पक्षाच्या असत, आणि गोळा मारण्यापूर्वीं त्या ओळखाव्या लागत. करमणुकीच्या खेळांत जें हलतें तें सारें मारण्याजोगें असतें. खऱ्या तोफेपाशीं बसणाराची पहिली विद्या ही, कीं कोणावर गोळा टाकावयाचा नाहीं.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे बॅटल सिटींतील त्या बारीकशा नियमाचें महत्त्व कळतें. नाण्याच्या यंत्रावरील रणगाड्याला मित्र नव्हता. सांभाळण्यास होता तो एक गरुड. घरांत आल्यावर त्याला एक सोबती मिळाला, आणि सोबती मिळतांच त्याला इजा करण्याची शक्यताहि निर्माण झाली. घाईनें, डोळे झांकून बटण दाबीत राहणारा मुलगा भावाला निश्चल करून टाकी, किंवा आपल्याच हातानें आपलें ठाणें उडवी. आणि मग पडद्यावरील शत्रूंपेक्षां मोठी लढाई पडद्याच्या अलीकडे, सतरंजीवर सुरू होई. दोनचार वेळां असें झालें, कीं तीं मुलें गोळा मारण्याआधीं क्षणभर थांबावयास शिकत. हा गुण मूळ यंत्रांत इतक्या पूर्णपणें नव्हता. तो घराच्या गरजेंतून आला. खेळ लहान यंत्रावर आला म्हणजे तो उणाच होतो, हा सर्वसाधारण समज येथें खोटा पडतो.

मात्र एक गोष्ट कोणत्याहि रूपांतरास पडद्यावर आणतां आलेली नाहीं, आणि ती समजून घेण्यास अहिल्यानगरच उपयोगी पडतें. १९७१ च्या डिसेंबरांत युद्ध सुरू झालें तेव्हां सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल हे पूना हॉर्स पलटणीचे तरुण अधिकारी या शहरांत आपला शिक्षणक्रम पुरा करीत होते. तो अर्धा सोडून ते आघाडीवर गेले. १६ डिसेंबर रोजीं बसंतरच्या लढाईंत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली. मागें फिरण्याची आज्ञा झाली असतांहि, आपली तोफ अजून चालते आहे असें कळवून ते लढत राहिले व धारातीर्थीं पडले. तेव्हां त्यांचें वय २१ वर्षांचें होतें. त्यांना परमवीर चक्र मिळालें. ‘फामागुस्ता’ हें नांव असलेला त्यांचा तो रणगाडा पुढें दुरुस्त करून अहिल्यानगर येथील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन करण्यांत आला आहे.

खेळांत रणगाडा फुटला कीं एक लहानसा स्फोट दिसतो आणि गरुडाशेजारीं नवा रणगाडा उभा राहतो. ही सोय नसती तर खेळ खेळ राहिला नसता. त्यांत दोष कांहीं नाहीं. ज्यांनीं लहानपणीं तो खेळ मनसोक्त खेळला, त्यांचीं मुलें आज त्याहून शतपटीनें खरे भासणारे रणगाडे पडद्यावर चालवितात. त्या मुलांना एकदां अहिल्यानगरच्या संग्रहालयांत न्यावें, पॅटनच्या पोलादावर हात ठेवूं द्यावा, आंत किती माणसें बसत आणि त्यांना बाहेरचें किती थोडें दिसे तें सांगावें. घरीं परतल्यावर तीं पुन्हा खेळावयास बसतील, आणि खुशाल बसावीं. पडद्यावर मिळणारा दुसरा रणगाडा आणि मैदानांत कोणालाच न मिळालेला दुसरा रणगाडा यांतील अंतर त्यांना एव्हांना कोणी निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.